पोरांची बैठक

आमच्या मिठबाव गावात दारू सोडायची म्हटली की माझ्या लहानपणी माणसापुढे दोन वाटा असायच्या. एक रामेश्वराच्या देवळात जायची, दुसरी पंढरपूरला. पहिल्या वाटेनं जाणारा देवापुढे नारळ ठेवायचा. मानकरी त्याच्या वतीनं गाऱ्हाणं घालायचे, ‘ह्येच्या हातून काय चुकला-माकला आसात ता पदरात घे, ह्येका ह्या वायटातून भायर काड,’ आणि जमलेली मंडळी एका आवाजात म्हणायची, ‘व्हय म्हाराजा!’ दुसऱ्या वाटेनं जाणारा तुळशीची माळ घालून घ्यायचा. माळ घातली की दारूबरोबर मासेही सुटले. समुद्राकाठच्या माणसाला बांगडा आणि सुरमई सोडणं किती जड जातं, ते इथं राहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून माळकरी थोडे. पण जे होते ते बहुतेक टिकले, कारण दर एकादशीला त्यांच्यासारखेच आणखी चार जण भजनाला भेटत. रामेश्वरापुढे शब्द दिलेल्याला मात्र दुसऱ्या दिवसापासून एकट्यानं निभवावं लागे. साक्षीला सगळा गाव असायचा, पण संध्याकाळी गाव आपापल्या घरी जायचा.

या दोन्ही वाटांवर मी पोरवयाचा मुलगा कधी पाहिला नाही. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाचं काही बिनसलं तर गाऱ्हाणं बाप घालायला लावायचा आणि मुलगा मागे खांबाला टेकून उभा असायचा. त्याला कोणी काही विचारत नसे आणि तोही बोलत नसे. माझं माहेर आणि सासर दोन्ही मिठबावातलंच, आणि नोकरी याच भागातल्या शाळांमधून झाली. खांबाला टेकून उभ्या राहिलेल्या अशा मुलांना मी वर्गात रोज पाहत होते. व्यसनात सापडलेल्या मुलाला आपल्यासारख्याच मुलांच्या सोबतीनं बाहेर येण्याची जागा आमच्याकडे कशी आणि किती उशिरा आली, ते मला सांगायचं आहे.

सुरुवात माडीपासून करावी लागते. आमच्या किनाऱ्यावर माडीला कोणी दारू मानत नसे. भंडारी माडावर चढून पोय बांधायचा, तिचं टोक रोज कापायचा आणि मडक्यात रस जमायचा. पहाटेची माडी गोड असते, ऊन चढेल तशी ती आंबत जाते. सकाळची ताजी माडी पीठ फुगवायला घरात लागायची, आजारातून उठलेल्याला घोटभर दिली जायची. तांबळडेगच्या वाळूत रापण लागली की दोर ओढायला हात लावणाऱ्या पोरालाही मासळीचा वाटा मिळायचा, आणि नंतर माणसं माडी घेऊन बसली की पोर त्यांच्यातच बसायचं. पोराला किती द्यायची ते चुलता ठरवायचा. हे चांगलं होतं असं मी म्हणणार नाही. माडीनं पोखरलेली घरं मी पाहिली आहेत. पण पोराचं पहिलं पिणं मोठ्यांच्या नजरेखाली व्हायचं, एवढं खरं.

इंग्रज सरकारनं १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानं माडी काढायच्या झाडांवर कर बसवला आणि दारू गाळणं परवान्याच्या मुठीत घेतलं. पिढ्यान्‌पिढ्या माडावर जगणाऱ्या भंडाऱ्यांतल्या पुष्कळांना हे परवडेना. त्याच सुमारास मुंबईत एकामागून एक गिरण्या उभ्या राहत होत्या. भंडारी, कुळवाडी, गाबीत, सगळ्या जातींची माणसं गलबतांनी आणि पुढे आगबोटींनी मुंबईला जाऊ लागली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईच्या गिरणी कामगारांत जवळजवळ निम्मे एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातले होते, आणि तेव्हा आम्हीही रत्नागिरी जिल्ह्यातच होतो. सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १ मे १९८१ ला. स्वातंत्र्यानंतर, १९४९ मध्ये, मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा आला आणि उघड्यावर होणारी गोष्ट झुडपांमागे गेली. बंदीमागचा हेतू चांगला होता, यात मला शंका नाही. पण पोरांच्या बाबतीत तिनं एक नुकसान केलं. पोर आता चुलत्यासमोर पीत नव्हतं. ते पाणंदीत, लपून, आपल्याच वयाच्या मुलांबरोबर पिऊ लागलं, आणि तिथं किती हे ठरवणारं कोणी नव्हतं.

आमचे बाबा लालबागला गाववाल्यांच्या खोलीत राहायचे. एका खोलीत पंधरा-वीस माणसं, पाळ्यांप्रमाणे झोपणारी. रात्रपाळीचा माणूस उठला की त्याच जागी दिवसपाळीचा आडवा व्हायचा. भिंतीला लागून प्रत्येकाची ट्रंक. भाडं वाटून, जेवण खानावळवाल्या बाईकडे, गावच्या जत्रेची वर्गणी एकत्र. धोबीतलावाकडे गोव्याच्या ख्रिस्ती गाववाल्यांचे कूड होते, त्यांचीही रीत अशीच. या खोल्यांचा इतिहास बहुधा कामगार चळवळीच्या अंगानं लिहिला जातो. मला त्यांची दुसरी बाजू महत्त्वाची वाटते. पगाराच्या दिवशी ज्याचे पाय गुत्त्याकडे वळायचे, त्याचा पगार खोलीतला वडीलधारा माणूस आधीच मागून घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याच नावानं गावी मनिऑर्डर करायचा. त्यात उपदेश नसायचा. बाबा एक गोष्ट पुन्हापुन्हा सांगत. खोलीतल्या दोघा पिणाऱ्यांनी एकाच दिवशी दारू सोडायचं ठरवलं. गुत्त्याची वेळ झाली की दोघं मिळून शिवडीच्या दिशेनं चालायला निघायचे. एकाला अंगात कसकस वाटली तर दुसऱ्यानं बोलत राहायचं. बाबा म्हणत, ‘एकटो आसतो तर दोगांतलो एकय सुटलो नसतो.’

कोकणातल्या त्या दोघांना ठाऊक असण्याचं कारण नव्हतं, पण नेमकी हीच गोष्ट १९३५ साली अमेरिकेतल्या ॲक्रन गावात घडली होती. बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअर दलाल काही महिन्यांपूर्वी दारूतून बाहेर आला होता. धंद्याच्या कामासाठी तो परगावी आला, काम फिसकटलं, आणि हॉटेलच्या बारमधून येणारा आवाज त्याला ओढू लागला. त्याला एक गोष्ट उमगली: आत्ता आपण न पिता राहायचं असेल तर आपल्याला दुसरा दारुडा गाठून त्याच्याशी बोललं पाहिजे. खटपट करून त्यानं डॉ. बॉब स्मिथ या पिणाऱ्या शल्यविशारदाला गाठलं. डॉक्टरांनी पंधरा मिनिटं द्यायचं कबूल केलं होतं. बोलणं काही तास चाललं. त्याच वर्षी १० जूनला डॉक्टरांनी शेवटचा घोट घेतला, आणि अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसची मंडळी तोच दिवस संस्थेचा जन्मदिवस मानतात. या गोष्टीतलं मर्म असं की विल्सन गेला होता तो स्वतःला वाचवायला. ऐकणाऱ्याचं भलं झालं, पण बोलणाऱ्याचं आधी झालं.

त्याच्याही जवळजवळ शंभर वर्षं आधी, १८४० मध्ये, बाल्टिमोरच्या एका गुत्त्यात सहा पिणाऱ्यांनी मिळून अशीच शपथ घेतली होती. प्रत्येकानं आपली कहाणी उघड सांगायची आणि एक नवा माणूस आणायचा, असा त्यांचा नेम. वॉशिंग्टोनियन म्हणून ओळखली जाणारी ही चळवळ काही वर्षांत लाखांच्या घरात गेली आणि तितक्याच लवकर विरली, कारण ती दारूबंदीच्या राजकारणात आणि व्यासपीठावरच्या भाषणांत गुरफटली. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसनं त्यातून धडा घेतला: पैसा बाहेरचा घ्यायचा नाही, कुठल्या वादात पडायचं नाही, आणि पूर्ण नाव सांगायचं नाही.

भारतात ही मंडळी आली १९५७ मध्ये, दिल्लीतून. मग मुंबईत गट झाले. मुंबईच्या गटांत सुरुवातीला इंग्रजी बोलणारे जास्त, हळूहळू मराठी सभा सुरू झाल्या. पण आमच्या माणसांमध्ये खोलवर गेला तो दुसराच प्रवाह. नानासाहेब धर्माधिकारी यांनी १९४३ मध्ये दासबोधाच्या निरूपणाची बैठक सुरू केली, आणि रेवदंड्याच्या त्या परंपरेतून रायगड, मुंबई, कोकणात आठवड्याच्या बैठकी पसरल्या. माझ्या ओळखीतले कित्येक संसार त्या बैठकीनं दारूतून वर काढले. तिथं मुलांसाठीही वेगळी बैठक असते, हे मी मोठं मानते. मात्र बैठकीत निरूपण ऐकायचं असतं. ज्याच्या पोटात काही साठलं आहे त्या मुलाला ते ओकून टाकायला दुसरी जागा लागते.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप कधी रीतसर मागे घेतला गेलाच नाही, गिरण्याच संपल्या. संपाबद्दल पुष्कळ लिहून झालंय. मी फक्त चाळीतल्या मुलांबद्दल सांगते. बाप घरी बसलेला, आई दुसऱ्यांकडे धुणीभांडी करणारी, शाळेची फी थकलेली. आणि नेमक्या याच वर्षांत मुंबईत गर्द आली. अफगाणिस्तान आणि पाकिस्तानच्या बाजूनं येणारी ही अशुद्ध हेरॉइनची भुकटी चंदेरी कागदावर ठेवून खालून काडी धरायची आणि धूर नळीनं ओढायचा. सुरुवातीची पुडी स्वस्त, कधीकधी फुकट. काही दिवसांत शरीर तिच्यावाचून चालेनासं होतं. मग पुडी मिळाली नाही की अंग मोडून येतं, नाकाडोळ्यांतून पाणी वाहतं, पोटात पिळवटतं, झोप उडते. मुलं त्याला ‘टर्की’ म्हणायची. दारूला वर्षं लागतात. गर्दला महिनेही लागत नाहीत. म्हणूनच गर्दनं पहिल्यांदा आमच्या समाजाला दाखवलं की व्यसनी माणूस पंधरा-सोळा वर्षांचाही असतो.

माझ्या दादाचा मुलगा त्यातलाच. त्याचं नाव मी लिहीत नाही. त्यानं सगळं लिहायला परवानगी दिली आहे, ती नाव न घालण्याच्या अटीवर. १९८४ च्या पावसाळ्याआधी दादानं त्याला मिठबावात आणून सोडलं. हवापालट, असं शेजाऱ्यांना सांगितलं. तेव्हा गावोगाव अशी ‘हवापालटाला’ आलेली मुंबईची मुलं असायची, आणि प्रत्येक घर आपलं मूल एकटंच असं आहे, असं समजून गप्प असायचं. टर्कीचे दिवस माझ्या आईनं काढले. पेज, कोकमाचं सार, पाठीवर खोबरेल तेल, रात्ररात्र जागरण. मुलगा सावरला, अंगावर मांस आलं, खाडीत पोहायला जायला लागला. आम्हाला वाटलं, सुटला. तो मात्र एकदा माझ्याजवळ बोलला ते मला आजही लख्ख आठवतं. ‘आत्या, इथे सगळे मला सांभाळतात. माझ्याशी बोलत कोणी नाही.’ दिवाळीनंतर तो मुंबईला परतला आणि पंधरवड्यात पुन्हा कागदाला काडी लागली. त्याच्यासारखी कित्येक मुलं गावाला येऊन शरीरानं बरी झाली आणि त्याच चाळीच्या जिन्याखाली, त्याच सोबत्यांत परत गेली. समुद्राची हवा चांगलीच असते, पण ती मुलाला नवे मित्र देत नाही.

त्या वर्षांत मुंबईत मदतीची दारं फारशी नव्हती. वांद्र्याला फादर ज्यो परेरा यांनी १९८१ मध्ये कृपा फाउंडेशन सुरू केलं होतं. त्यांच्या कामाचा कणा अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसचा, त्याला योगाची जोड. पण लालबागच्या संपकरी घराला वांद्र्याच्या चर्चची वाट माहीत नव्हती. मराठी घरांपर्यंत विषय पोचवला तो अनिल अवचटांनी. ते गर्दच्या मुलांत जाऊन बसले, त्यांच्या आईबापांना भेटले आणि लेख लिहिले. ‘गर्द’ हे त्यांचं पुस्तक त्यातूनच झालं. लेख वाचून पु. ल. देशपांडे हलले. अवचटांच्या पत्नी डॉ. अनिता, म्हणजे सुनंदाबाई, पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयात डॉक्टर होत्या. पुलं आणि त्यांच्या पत्नी सुनीताबाईंनी देणगी दिली, सरकारनं त्याच मनोरुग्णालयाच्या आवारात जागा दिली, डॉ. आनंद नाडकर्णींसारखा तरुण मनोविकारतज्ज्ञ सोबतीला आला, आणि २९ ऑगस्ट १९८६ ला पुलंच्या हस्ते मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. आदल्याच वर्षी देशात अमली पदार्थांविरुद्धचा कडक कायदा झाला होता. कायद्याला गर्द विकणारा आणि ओढणारा दोघेही गुन्हेगार दिसत होते. मुक्तांगणनं ओढणाऱ्याला आजारी माणूस म्हणून आत घेतलं.

दादा मुलाला तिथं घेऊन गेला. मुलगा नंतर मला सांगायचा त्यात डॉक्टरांच्या औषधाचा उल्लेख थोडा आणि एका मुलाचा फार. तो त्याच्याहून दोन-तीन वर्षांनी मोठा, परळचा, गर्दमधून वर्षभरापूर्वी बाहेर आलेला, आणि आता तिथंच नव्या मुलांच्या सोबतीला राहिलेला. टर्कीच्या रात्री तो पलंगाशेजारी बसला आणि म्हणाला, ‘तिसऱ्या दिवशी सगळ्यात वाईट असतं. चौथ्या दिवशी तू चहा मागशील.’ चौथ्या दिवशी यानं चहा मागितला. आजीनं रात्री जागवल्या तेव्हा तिच्या डोळ्यांत भीती असायची आणि ती पाहून हा आणखी घाबरायचा. परळच्या मुलाच्या डोळ्यांत भीती नव्हती, कारण तो स्वतः त्या रात्रींतून गेला होता. मुक्तांगणनं बऱ्या झालेल्या रुग्णांनाच कामाला घेतलं, ही त्यांची मला सगळ्यात थोर वाटणारी गोष्ट आहे. सुनंदाबाई १९९७ मध्ये कर्करोगानं गेल्या, अवचट २०२२ च्या जानेवारीत. काम मुक्ता पुणतांबेकर, त्यांची मुलगी, चालवते, आणि गावोगावच्या पाठपुराव्याच्या सभांत पुढच्या खुर्चीवर बसतो तो बहुधा एक जुना रुग्णच.

गटात रोज काय होतं, ते भाच्यानं मला असं सांगितलं. गोल बसायचं. एकानं आपलं सांगायचं, पहिल्या पुडीपासून. इतरांनी मधे बोलायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, हसायचं तर आपल्यावर हसायचं. आईचं मंगळसूत्र विकल्याचं एकानं सांगितलं की दुसऱ्याला बहिणीच्या लग्नाचे पैसे आठवायचे. ‘आज नाही’ एवढंच ठरवायचं, उद्याचं उद्या. कोणी घसरला, पुन्हा प्यायला किंवा ओढून आला, तर त्याला दाराबाहेर ठेवायचं नाही. या शेवटच्या नेमावर सगळी इमारत उभी आहे, असं मला वाटतं. रामेश्वरापुढचा शब्द मोडलेल्या माणसाला पुन्हा देवळात यायची लाज वाटायची. गटात मोडलेला शब्द घेऊनच यायचं असतं.

तरीही पोरवयाच्या मुलांना जगभर अशा गटांत उशिरा जागा मिळाली. अमेरिकेतही सुरुवातीच्या मंडळींना वाटायचं, सगळं गमावल्याशिवाय माणूस बदलत नाही, आणि विशीतल्या मुलानं अजून गमावलंय काय? १९४५ च्या सुमारास लॉस एंजेलिस, क्लीव्हलँड, फिलाडेल्फिया इथं तरुणांचे वेगळे गट झाले. १९५७ मध्ये कॅलिफोर्नियात एका मुलानं, ज्याचे वडील गटात जात आणि आई घरच्यांच्या गटात, आपल्या वयाच्या मुलांसाठी गट काढला; तोच अलाटीन. तो मात्र पिणाऱ्यांच्या मुलांसाठी आहे, पिणाऱ्या मुलांसाठी नाही. हा फरक आमच्याकडे पुष्कळ जण विसरतात.

गटाचं नाव घेऊन मुलांवर अत्याचारही झाले आहेत आणि ते लपवून चालणार नाही. चार्ल्स डेडरिकनं १९५८ मध्ये सांता मोनिकात सिनॅनॉन काढलं. तिथं गोल बसून एकाला मधे घ्यायचं आणि सगळ्यांनी त्याच्यावर ओरडायचं, त्याला फाडून काढायचं. सुरुवातीला त्याचा बोलबाला झाला, शेवट हिंसेत आणि कोर्टात झाला. त्याच साच्यातून १९७६ मध्ये फ्लोरिडात स्ट्रेट नावाची संस्था निघाली, खास मुलांसाठी. मुलांना कोंडून ठेवणं, मुलांकडूनच मुलांना अपमानित करणं असे आरोप वर्षानुवर्षं होत राहिले आणि १९९३ मध्ये ती बंद पडली. संशोधकांनाही सावध करणारं काही दिसलं. डिशन, मॅकॉर्ड आणि पूलॅं यांनी १९९९ मध्ये दाखवलं की बिघडलेल्या मुलांना नुसतं एकत्र बसवलं तर ती एकमेकांच्या उचापतींवर हसतात आणि त्या हसण्यानंच बिघाड वाढतो. पाणंदीत बसलेल्या आमच्या पोरांचं तेच तर होत होतं! उलट २००५ मध्ये जॉन केली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहिलं की सुटू पाहणारी मुलं ज्या सभांत आपल्या वयाची माणसं असतात तिथं जास्त जातात आणि सभा त्यांना जास्त मोलाची वाटते. दोन्ही गोष्टी एकत्र वाचल्या तर माझ्या भाच्याला भेटलेला परळचा मुलगा डोळ्यांपुढे येतो. सगळे सारख्याच वयाचे, पण त्यांत एक तरी वर्षभर पुढे गेलेला. तो नसेल तर गट आणि पाणंद यांत फरक राहत नाही.

भाचा बरा झाल्यावर मिठबावलाच राहिला. आता आंबा-काजूच्या बागा पाहतो, हापूसच्या मोसमात त्याला फोन उचलायला वेळ नसतो. सुरुवातीची वर्षं तो गटासाठी कणकवलीला आणि कधी थेट मुंबईला जायचा. गावात गट का नाही, असं मी त्याला विचारलं होतं. त्याचं उत्तर सोपं होतं. नाव न सांगण्याची रीत मोठ्या शहरातली. मिठबावात कोणाचं नाव न सांगून चालतं? एसटीतून उतरलेला माणूस कुठल्या घरी चाललाय ते उतरायच्या आधी गावाला कळलेलं असतं. दारूच्या गटाला जाणारा बाप तालुक्याला गेला तर कामाला गेला म्हणून खपतं. शाळेच्या मुलानं कणकवलीला जायचं तर घरी काय सांगायचं?

आणि मुलांपुढचं संकट बदललं आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकायची नाही असा २००३ चा केंद्राचा कायदा आहे, तरी दप्तरात पुड्या सापडतात. गोव्याची स्वस्त दारू बांद्याच्या बाजूनं येते आणि पकडल्याच्या बातम्या दर आठवड्याला छापून येतात. त्याहून मला धक्का बसला तो एका आकड्यानं. २०१९ मध्ये केंद्र सरकारनं व्यसनांची देशभराची पाहणी प्रसिद्ध केली. हुंगण्याचे पदार्थ, म्हणजे पंक्चरचं सोल्यूशन, व्हाइटनर, थिनर, हा एकच प्रकार असा निघाला की त्यात मुलांचं प्रमाण मोठ्यांहून जास्त आहे: दहा ते सतरा वयाच्या मुलांत १.१७ टक्के, मोठ्यांत ०.५८. होडीला रंग देण्याच्या दिवसांत थिनरचा डबा आमच्याकडे ओट्यावर उघडा पडलेला असतो.

म्हणून काही वर्षांपूर्वी भाच्यानं वेगळं केलं. शहरासारखा गुप्त गट गावात चालणार नाही हे धरूनच त्यानं सुरुवात केली. त्याच्या बागेत कलमं बांधायला, आंबे उतरवायला, पेट्या भरायला मुलं येतात. त्यातली ज्यांना सुटायचंय ती काम संपल्यावर मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, बसतात. गावाला दिसतं ते एवढंच की पोरं कामाला गेली आहेत, आणि ते खोटंही नाही. बसल्यावर नेम तेच: मधे बोलायचं नाही, इथलं बाहेर न्यायचं नाही, घसरलास तरी ये. आईबापांना आत बसता येत नाही, शिक्षकांनाही नाही, आणि मलाही नाही. ज्या मुलाला टर्की किंवा झटके येण्याचा धोका असेल त्याला आधी डॉक्टरांकडे नेतात. गप्पांनी ते भागत नाही, याबाबत भाचा फार कडक आहे. आता पुढची खुर्ची त्यानं सोडली आहे. तो म्हणतो, पन्नाशीच्या पुढचा माणूस समोर बसला की मुलं काका समजून शहाण्यासारखी बोलतात, खरं बोलत नाहीत. ती खुर्ची आता कॉलेजात जाणारा एक मुलगा सांभाळतो. तोही एकदा घसरून परत आलेला आहे, आणि भाच्याला तोच त्याचा गुण वाटतो.

मुलींचं मात्र अजून अडलं आहे. आमच्याकडे बायका तंबाखूची मिशेरी लावतात, आणि आजीच्या डबीतून नातीच्या बोटावर ती कधी येते ते घरात कोणाच्या ध्यानातही येत नाही. मुक्तांगणलासुद्धा बायकांसाठी निशिगंध हा वेगळा विभाग काढायला २००९ उजाडलं. गावातल्या दोन मुलींनी गेल्या पावसाळ्यात मला विचारलं, आमचं कुठं? मांगरात त्या जाऊ शकत नाहीत आणि माझ्या घरी आल्या तर बाईंकडे शिकवणीला आल्या असं होतं, जे चालण्यासारखं आहे. पण मी सत्तरी ओलांडलेली. भाच्याच्याच हिशोबानं मी त्या खुर्चीवर बसायची नाही. मिशेरी सोडून वर्षभर झालेली, विशीच्या आतबाहेरची एखादी मुलगी मी शोधते आहे. आचऱ्याच्या बाजूला एक आहे असं कळलं आहे. ती तयार झाली तर पुढच्या महिन्यापासून माझी पुढची पडवी त्यांची, आणि मी त्या वेळात देवळात जाऊन बसेन.